सेंट लॉरेन्सच्या काठाने खारेपाटापर्यंत

पुण्याहून लेकीकडे टोरोंटोला जाणारे आईवडील नायगारा बघतात, सीएन टॉवरवर जातात, मराठी मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला हजेरी लावतात, नातवंडांकडून शुभंकरोति पाठ करून घेतात आणि परततात. आमच्याही आधीच्या फेऱ्या तशाच झाल्या. या खेपेला जावयांनी सुट्टी काढली होती, नातीची शाळा बंद होती आणि बेत ठरला तो मिसिसागाहून निघून गाडीने पूर्वेला जायचा, अटलांटिक लागेपर्यंत. श्रावण सुरू होता. मी थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं बरोबर घेतलं. लेकीने देशी दुकानातून नारळ आणले, कारण नारळी पौर्णिमा वाटेतच येणार होती आणि ती तिच्या बाबांना चुकवून चालत नाही. ह्यांचा जन्म अलिबागच्या खारेपाटातला, पोयनाडजवळचा. उभी नोकरी पुण्यात बँकेत केली, कोथरूडला घर घेतलं, पण आज भरती किती वाजता ते अजूनही तिथीवरून सांगतात.

४०१ क्रमांकाचा हमरस्ता टोरोंटोच्या गर्दीतून सुटला की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन लागतं. आपल्याकडे सोयाबीनच्या रानात खुरपणाऱ्या बायांची रांग दिसते, बांधावर झोळीत एखादं मूल असतं. इथे नजर पोचेल तिथवर हिरवंगार पीक आणि त्यात एकही माणूस नाही. शेत आहे आणि शेतात कुणीच नाही, याची सवय व्हायला मला बरेच मैल लागले.

हमरस्ता सोडून गावात शिरलो की चौक यायचे. सिग्नल नाही, पोलीस नाही, चारही बाजूंना फक्त थांबण्याची पाटी. जो आधी आला तो आधी जातो. दोघे एकदम आले तर उजवीकडच्याला मान. मी प्रत्येक चौकात बघत राहायची. कर्वे रस्त्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे बघण्यासारखंच आहे. पण ही माणसं जात्याच सज्जन आणि आपण जात्याच बेशिस्त, असं मला वाटत नाही. आपली पाळी येणारच, अशी इथे प्रत्येकाला खात्री आहे, म्हणून कुणी घुसत नाही. आपल्याकडे ती खात्रीच उरलेली नाही. माणसं तीच आहेत.

गॅननॉक्वे नावाच्या गावातून आम्ही होडीतून सहस्रद्वीपं बघायला गेलो. ऑन्टारिओ सरोवरातून सेंट लॉरेन्स नदी निघते तिथे पाण्यात ही बेटं विखुरली आहेत. हजार हे नुसतं नाव; मोजदाद १८६४ बेटांची आहे. बेट म्हणवून घ्यायचं तर ते बारा महिने पाण्यावर राहायला हवं आणि त्यावर झाड जगायला हवं. काही बेटांवर वाडा उभा आहे, काहींवर एकच घर मावलंय आणि ओटीच्या पायरीला नदी लागलेली. इथून पुढे ही नदी कितीतरी वेळ आमच्या सोबत राहिली.

ऑन्टारिओ संपून क्वेबेक लागलं ते कुणी सांगावं लागलं नाही. पाट्यांवरची इंग्रजी एकदम गेली. रस्त्यांच्या पाट्या, दुकानांची नावं, सगळं फ्रेंचमध्ये. १९७७ साली क्वेबेकने फ्रेंच भाषेची सनद कायदा म्हणून केली. शाळा, कचेऱ्या, कारखाने आणि पाट्या यांत फ्रेंचला पहिला मान दिला. सगळ्या बाजूंनी इंग्रजी बोलणारा अवाढव्य मुलूख आणि मध्ये हा एक प्रांत आपल्या भाषेत जगतो. गाडीत एकाएकी सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती झाली ती आमची नऊ वर्षांची नात, कारण तिची शाळा फ्रेंच माध्यमाची. जावई तिला विचारून वळणं घेऊ लागले.

माँट्रियलमध्ये मध्यरात्रीनंतरही बेगलच्या भट्ट्या चालू असतात. मध घातलेल्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजलेली ती कडी आम्ही फुटपाथवर उभं राहून गरम गरम खाल्ली. शहरात फार रेंगाळलो नाही. मला जास्त लक्षात राहिलं ते पुढच्या वाटेवरचं, चीज विकणारं एक छोटं दुकान. क्वेबेकचा पूटीन हा पदार्थ जावयांना खिलवायचा होता: बटाट्याचे तळलेले काप, त्यावर ताज्या चीजचे तुकडे आणि वरून गरम रस्सा. रस्सा बहुधा मांसाचा असतो. नातीने काउंटरवरच्या वयस्क बाईंना फ्रेंचमध्ये विचारलं, आजीला चालेल का? बाई आत गेल्या, आचाऱ्याला विचारून आल्या आणि मान हलवून तिला म्हणाल्या, नाही चालणार. मग कुणी न मागता त्यांनी नुसते काप वेगळ्या कढईतून काढून आणले आणि बशीत सकाळचं चीज ठेवलं. ते इतकं ताजं होतं की दाताखाली चुइंक चुइंक वाजत होतं. पैसे देताना मी इंग्रजीत आभार मानले, तेव्हा त्या स्वच्छ इंग्रजीत माझ्याशी बोलल्या. म्हणजे त्यांना ती येत होती. पण सुरुवात त्यांनी आपल्या भाषेत केली आणि माझी अडचण दिसल्यावर माझ्या सोयीला आल्या. पुण्यात रिक्षात बसल्या बसल्या आपण हिंदीत सुरू होतो. चालक जुन्नरचा निघाला तरी शेवटपर्यंत दोघेही हिंदीतच बोलतो. आधी आपली भाषा, मग समोरच्याची सोय, हा क्रम मला त्या बाईंकडून घ्यावासा वाटला.

क्वेबेक शहर १६०८ साली सॅम्युएल द शाँप्लँने वसवलं. मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर. बुरुजावर उभं राहिलं की खाली नदी, उतरत्या छपरांची घरं आणि शातो फ्राँतनाक हे १८९३ चं भव्य हॉटेल दिसतं. तटाला लागून एक मोठं मोकळं माळरान आहे, त्याला अब्राहमचं पठार म्हणतात. लोक तिथे धावत होते, चादर अंथरून जेवत होते. १३ सप्टेंबर १७५९ ला सकाळी इथे इंग्रज आणि फ्रेंच फौजा समोरासमोर आल्या. मुख्य लढाई तासाभरातच संपली. इंग्रजांचा सेनापती वूल्फ मैदानातच पडला, फ्रेंचांचा माँकाल्म जखमी होऊन दुसऱ्या दिवशी गेला. शहर पडलं आणि १७६३ च्या तहात कॅनडातला फ्रेंचांचा मुलूख इंग्रजांकडे गेला.

तारीख वाचली आणि माझ्या मनात दुसरी तारीख उभी राहिली. १४ जानेवारी १७६१. जेमतेम सोळा महिन्यांचं अंतर. इकडे हे मैदान, तिकडे पानिपत. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेबांनी प्राण सोडला. पुण्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी मुद्दाम शिकवत नाही, ती हवेत असते. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ वाटतानाही घरात कुणीतरी ती काढतंच.

हॉटेलच्या मागे एक लहानशी बाग आहे. तिथे एक दगडी स्तंभ आहे, खालच्या चौथऱ्यावर लॅटिन मजकूर. एका बाजूला वूल्फचं नाव, दुसऱ्या बाजूला माँकाल्मचं. जिंकलेला आणि हरलेला, दोघांचं मिळून एकच स्मारक. तेही इंग्रज राज्य करत असताना उभारलेलं. १८२८ साली ते पुरं झालं. त्याच साली आमचा शनिवारवाडा आगीत सापडला आणि तटबंदी तेवढी राहिली. मी त्या स्तंभाभोवती फिरले, हात लावून पाहिला. वरवर बघणाऱ्याला ही तडजोड वाटेल. मला तसं वाटलं नाही. हरलेल्यांची भाषा, त्यांचा धर्म, त्यांचे दिवाणी कायदे टिकले. १७७४ च्या क्वेबेक कायद्याने धर्म आणि दिवाणी कायदे त्यांचे त्यांना ठेवू दिले. आज या शहरात चहा मागायचा तो फ्रेंचमध्ये. पराभव झाला म्हणजे सगळं संपलं असं नसतं, हे इथल्या गल्ल्यांत चालताना पायाला कळतं.

तिथून नदीच्या दक्षिण काठाने गेलो. नदी रुंद होत होत समुद्र होते, पाणी खारं होतं, आणि ही सीमा नेमकी कुठे ते सांगता येत नाही. कामुरास्काच्या बाजूला शेतं अरुंद आणि लांबच लांब पट्ट्यांची आहेत, प्रत्येक पट्टी नदीपासून सुरू होऊन मागे डोंगराकडे गेलेली. फ्रेंच अमदानीत जमीन अशी वाटली गेली, म्हणजे प्रत्येक कुळाला नदीचं तोंड मिळालं. वाटा तेव्हा पाण्यावरच्या होत्या.

न्यू ब्रन्सविक प्रांतात शिरताना घड्याळ तासभर पुढे करावं लागतं. इथे फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही राजभाषा आहेत. सगळ्या देशात असा हा एकच प्रांत. मैलोन्‌मैल जंगल आणि रस्त्यात मूस येतो अशा इशाऱ्याच्या पाट्या. हार्टलँडला सेंट जॉन नदीवर लाकडी छप्पर आणि भिंती असलेला पूल आहे, १२८२ फूट लांब, जगातला सगळ्यात लांब झाकलेला पूल. लाकडी पूल उघडा ठेवला तर पावसाबर्फाने थोड्या वर्षांत कुजतो, छपराखाली पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आत शिरताना श्वास रोखून मनात इच्छा धरायची, असा इथला रिवाज. नातीने धरली, काय ते सांगितलं नाही. जवळच फ्लॉरेन्सव्हिल हे मॅकेनचं गाव, १९५७ पासून बटाट्याच्या कापांचा कारखाना. पुण्यातल्या दुकानांच्या फ्रीजरमधलं नाव असं शेतांच्या मधोमध भेटलं.

नारळी पौर्णिमेला आम्ही फंडीच्या उपसागरावर होतो, होपवेल रॉक्सला. हे सकाळीच म्हणाले, "तिथीची पाऊणपट. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा." फलकावर भरतीची वेळ बाराच्या पुढची होती. जावयांनी सांगितलं की उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात. "मग बरोबर आहे," हे म्हणाले आणि तो विषय त्यांच्यापुरता मिटला.

दुपारी वरून पाहिलं तर पाण्यात लहान लहान बेटं, माथ्यावर झाडं, आणि त्यांच्यामधून रंगीत होड्या वल्हवणारी माणसं. नारळ समुद्रात टाकायची तिथे सोय नव्हती आणि उद्यानाचा नियम मोडायची इच्छाही नव्हती. ह्यांनी कठड्यापाशी नारळ दोन्ही हातांत धरून समुद्राला दाखवला, डोळे मिटले, आणि परत पिशवीत ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी आपली टोपी काढली. त्यांनी काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याच जागी जिने उतरून समुद्राच्या तळावर चाललो. दुपारची बेटं आता चार मजली खडक झाली होती, वर झाड, खाली पाण्याने कोरलेली बारीक कंबर. पायाखाली तांबडा चिखल, खडकांवर लोंबणारं तपकिरी शेवाळ, आणि ओल्या भिंतीवर डोक्याच्या कितीतरी वर भरतीची रेघ. अलिबागला उधाणाची भरती पाच मीटरच्या आसपास जाते. फंडीच्या आतल्या टोकाला ती सोळा मीटरपर्यंत चढते. जगात सगळ्यात उंच. उपसागर तोंडाशी रुंद आणि आत अरुंद, उथळ होत जातो, हे एक कारण. दुसरं असं की या उपसागरातलं पाणी एकदा आत जाऊन बाहेर यायला जेवढा वेळ घेतं, जवळजवळ तेवढ्याच वेळाने समुद्राची पुढची भरती येते. झोका परत येतो त्याच क्षणी मागून हात लागावा, तसं. नातीला हे लगेच कळलं. रात्री मुक्कामाच्या खोलीत त्याच नारळाचा नारळीभात केला.

प्रिन्स एडवर्ड बेटावर जायला १९९७ साली बांधलेला, १२.९ किलोमीटर लांबीचा पूल आहे. टोल जाताना घेत नाहीत, बेट सोडताना घेतात. बेटावर उतरताच माती दिसली आणि मी गाडी थांबवायला सांगितलं. लोहाने लाल झालेली, महाबळेश्वरच्या घाटात दिसते तशी लाल, आणि त्यावर बटाट्याचे हिरवे वरंबे थेट समुद्रापर्यंत. आपल्या सातगाव पठारावरचा बटाटा मी पाहिलाय, पण बटाट्याच्या शेतापलीकडे निळा समुद्र हे दृश्य कधी कल्पनेतही आलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला फळीवर बटाट्याच्या पिशव्या मांडलेल्या, शेजारी पैशांची पेटी. मालक नाही, पहारा नाही. पिशवी घ्यायची, पैसे टाकायचे. लेक म्हणाली, इथे असंच चालतं. आम्ही पैसे टाकले, नातीने ते पुन्हा मोजून खात्री केली.

कॅव्हेंडिशला 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' या १९०८ च्या कादंबरीतलं म्हणून दाखवतात ते हिरव्या त्रिकोणी छपराचं घर आहे. जपानी वाचकांचं त्या ॲनवर विशेष प्रेम. आम्ही बाहेरूनच पाहिलं. बंदरात शेवंडांच्या पेट्या उतरत होत्या. ह्यांना शेवंड म्हणजे जीव की प्राण, पण श्रावणात नाही. ते कोळ्यांजवळ बराच वेळ उभे राहिले, जाळीचे पिंजरे कसे विणतात ते विचारत. एक म्हातारा कोळी म्हणाला, त्याच्या लहानपणी डब्यात शेवंड नेणारी मुलं गरिबाघरची समजली जात. ह्यांनी त्याला सांगितलं, आमच्याकडे डब्यात वाकट्या नेणाऱ्यांचं तसंच होतं.

हॅलिफॅक्सला पियर २१ हा धक्का आहे. १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख माणसं बोटीने येऊन इथूनच कॅनडात शिरली. आता तिथे संग्रहालय आहे: ट्रंका, शिवणयंत्रं, आईने बांधून दिलेल्या चादरी. त्यात आपली माणसं फारशी नाहीत. १९०८ च्या नियमाने भारतातून येणाऱ्यांची वाट अडवली होती आणि १९१४ साली पश्चिम किनाऱ्यावर 'कोमागाटा मारू'तल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना उतरूच दिलं नाही. १९६७ साली गुणांवर प्रवेश देण्याची पद्धत आली तेव्हा कुठे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर आणि डॉक्टर विमानाने येऊ लागले. लेक एका ट्रंकेपुढे थांबली. तिची स्वतःची पहिल्या वेळची बॅग अजून माळ्यावर आहे, हे मला माहीत आहे.

आणि मग ग्राँ-प्रे. नकाशात हे गाव लेकीने शोधलं होतं, बाबांसाठी.

सतराव्या शतकात फ्रान्सहून आलेले अकेडियन शेतकरी फंडीच्या याच उंच भरतीच्या काठावर वसले. जंगल तोडण्याऐवजी त्यांनी खाजणाला बांध घातला. गवताच्या मुळांनी घट्ट झालेली दलदलीची ढेकळं खास कुदळीने विटांसारखी कापायची आणि रचायची. बांधाखालून लाकडी नळ, नळाला एक झडप. भरतीच्या दाबाने झडप बंद, ओहोटीला आतल्या गोड्या पाण्याच्या रेट्याने उघडी. पावसाने, बर्फाने दोन-तीन वर्षांत जमिनीतला खार धुऊन निघाला की पीक घ्यायचं. सप्टेंबर १७५५ मध्ये इंग्रज अधिकारी विन्स्लोने गावच्या चर्चमध्ये पुरुषांना बोलावून हुकूम वाचून दाखवला: जमीन, गुरंढोरं सरकारजमा, तुम्ही देशाबाहेर. बिनशर्त राजनिष्ठेची शपथ त्यांनी घेतली नव्हती. एकट्या या भागातून दोन हजारांहून अधिक माणसं जहाजांवर चढवली. काही वर्षांनी न्यू इंग्लंडहून आणलेल्या शेतकऱ्यांना ती शेतं दिली. बांध मात्र त्यांनी राखले. आजही ग्राँ-प्रेच्या शेतकऱ्यांचं मंडळ ती जमीन एकत्र सांभाळतं, आणि २०१२ साली हा परिसर जागतिक वारसा झाला.

संग्रहालयात त्या झडपेचा नमुना आहे. हे त्याच्यापुढे वाकले आणि म्हणाले, "ही तर आमची उघाडी."

मदतीला उभी असलेली तरुण मुलगी अकेडियन वंशाची होती. तिने विचारलं आणि ह्यांनी सांगायला सुरुवात केली; मी लग्नानंतरही इतकं सलग ऐकलं नव्हतं. खारेपाटातला बांध, उधाणाला रात्री कंदील घेऊन त्यावर फिरणारी माणसं, आणि जोळ: ज्याची जेवढी जमीन तेवढं त्याचं श्रमदान, बांध सगळ्यांचा. वडील चिखलात मांडीभर उभे राहून ढेकळं द्यायचे. पुढे जोळ मोडली, बांधाला खांड गेली, भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं. आता तिथे कांदळवन आहे. सातबारा अजून आमच्या नावावर आहे.

मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, तिच्या पूर्वजांच्या शेतात आज दुसऱ्यांचं पीक उभं आहे, पण ते कोरडं आहे, हे बघायला ती दर वर्षी येते. तिने आम्हाला बांधावर नेलं. एका बाजूला मका आणि गवत, दुसऱ्या बाजूला तांबडा चिखल आणि दूरवर मागे गेलेला समुद्र.

तो १५ ऑगस्ट होता. अकेडियन लोकांचा राष्ट्रीय दिवसही हाच, १८८१ साली त्यांनी ठरवलेला. फ्रान्सच्या तिरंग्यावर एक पिवळा तारा, असे झेंडे घेऊन कुटुंबं जमली होती, आणि पातेली, झाकणं, डाव बडवत निघायची त्यांची रीत आहे: आम्ही अजून इथे आहोत, हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. नातीच्या हातात कुणीतरी पातेलं आणि लाकडी डाव दिला. ती त्यांच्यात मिसळून फ्रेंचमध्ये ओरडत पुढे गेली. मागोमाग लेक, जावई, मी. हे मात्र बांधावरून उतरायला तयार नव्हते. झडपेला लाकूड कुठलं वापरतात आणि ते खाऱ्या पाण्यात किती वर्षं टिकतं, ते त्यांना त्या मुलीकडून अजून समजून घ्यायचं होतं.